रकाना क्रमांक सात

अहवालात सातवा रकाना असतो:
‘युवकांनी काय आत्मसात केलं, थोडक्यात लिहा.’
थोडक्यात म्हणजे दोन ओळी.
तीन दिवस मी त्या दोन ओळींसमोर बसून आहे,
खिडकीबाहेर गालिसियाचं आभाळ
पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखं.

यादीत पंधरा नावं, आली तेरा.
ओहोटी सहा वाजून दहा मिनिटांनी तळाला जाणार होती.
ती कुणासाठी खोळंबत नाही
हा पहिला धडा. पण तो मी दिला नाही,
शुर्शोच्या चुकलेल्या बसने दिला.

मी फलक नेला होता: शाश्वत विकास,
एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं.
दोसिंदाने नुसता बघितला.
‘भिजेल. गाडीत ठेव,’ म्हणाली.
मग एप्रनच्या खिशातून काढली पितळी कडी,
तिच्या आईची.
‘यातून जी तिसरी खाली पडते, ती अजून पोर.
पोरींना घरी सोडायचं.’
आणि कडी उजेडात धरून, जरा हसून:
‘झिजून भोक मोठं झालंय हिचं.
म्हणजे आईपेक्षा मी जास्त परत टाकते.’

बस्स. प्रास्ताविक संपलं.

मग चिखल. पोटऱ्यांपर्यंत.
शेजारी-शेजारी दोन टाचणीएवढी छिद्रं दिसली
की खाली कुणीतरी श्वास घेतंय,
हे शियानाला सगळ्यात आधी दिसलं,
जिला वर्गात फळ्यावरचं दिसत नाही म्हणतात.

ब्राइसने अकरा पोरी बुटात लपवल्या.
मी नाही पाहिलं.
दोसिंदाने त्याची चाल पाहिली.
बोलली काहीच नाही. बादली पालथी घालून बसली
आणि सांगू लागली त्या वर्षाचं,
जेव्हा सगळ्यांनी सगळं उपसलं,
आणि पुढच्या हिवाळ्यात चाळीस बायकांत मिळून
एक टोपली भरली नाही.
‘मी सतरा वर्षांची होते,’ म्हणाली,
‘माझ्याही बुटात होत्या.’

सात परत गेल्या चिखलात.
चार त्याच्या घरी, आजोबांच्या ताटात.
मी हे सोडून देऊ शकले असते,
पण तो स्वतःच येऊन सांगून गेला,
आकड्यासकट.

इथे कविता संपली असती तर बरं झालं असतं.
नोव्हेंबरात वरच्या अंगाला धरणाचे दरवाजे उघडले,
खाडीत गोडं पाणी उतरलं,
निम्म्या तिसऱ्या तोंड उघडून मेल्या,
कडीतून पडणाऱ्या, न पडणाऱ्या, सरसकट.
शियाना चिडून रडत म्हणाली,
‘मग ही कडी कशाला पाळली आपण?’

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. फलकावरही नव्हतं.
दोसिंदा म्हणाली,
‘मी एकटी गेले तर ते खुर्ची देतील, पाणी देतील,
आणि परत पाठवतील.’

त्या गुरुवारी तेरा जणं धरणाच्या कचेरीत गेली.
कुणी घोषणा दिल्या नाहीत.
प्रत्येकाने आपली बादली काउंटरवर रिकामी केली.
दुर्गंधी सुटली. साहेब बाहेर आले.
शुर्शोने वही उघडली, जूनपासूनच्या तारखा,
पाण्याचा खारेपणा, ओहोटीच्या वेळा,
त्याच्या बसच्याही.
धरण बदललं नाही अजून.
पण आता दरवाजे उघडायच्या आदल्या दिवशी
दोसिंदाच्या घरी फोन येतो,
आणि रात्री टॉर्च घेऊन मुलं मोठ्या तिसऱ्या
खाडीच्या तोंडाकडे, खाऱ्या पाण्यात हलवतात.
काही जगतात.

यात आत्मसात काय झालं?
मला दोन ओळीही लागणार नाहीत.
सातव्या रकान्यात लिहिते:
‘अकरापैकी सात.’

वरून फोन येईल, खुलासा मागतील.
मागू देत. मी घरी नसेन.
उद्या ओहोटी सहा पंचावन्नला आहे,
आणि कडी या आठवड्यात ब्राइसकडे.